सात मेंढ्या

सादिरबेकनं आधी पाना उचललाच नाही.
बॅटरीच्या ऋण टोकावर बोट टेकवून म्हणाला,
"पहिलं हे सोड. इंजिन बंद आहे ना? बघ परत.
मग चहा."

नरिनला मे महिन्यातही सकाळी लोखंड हाताला चिकटतं.
डॉक्टर बुर्मा व्हॅनच्या पायरीवर बसलेली,
जपानहून आलेली जुनी गाडी, स्टिअरिंग उजवीकडे,
मागे लसींचा फ्रिज, आणि आता
कर्ज काढून घेतलेलं सोनोग्राफीचं यंत्र.
जूनमध्ये लोक कुरणांवर चढतील,
त्यांच्याबरोबर गरोदर बायकाही.
"वर गेलं की पडदा विझतो," ती म्हणाली,
"नेमका बाळाचं डोकं शोधताना."

जुना ऑल्टरनेटर सत्तर अँपिअरचा. खोक्यातला दीडशेचा.
मी घाबरत विचारलं, एवढी वीज
गाडीच्या मेंदूला जाळणार नाही?

"दीडशे म्हणजे कोठारात दीडशे.
ज्याला जेवढी तहान, तेवढंच तो पितो.
मारतो तो दाब.
साडेचौदा व्होल्टच्या वर गेला की समज,
कुणीतरी रडणार आहे."
मग जरा थांबून, "मी रडलोय."

मॉस्कविचच्या जमान्यातली खोड त्याची:
इंजिन चालू ठेवायचं, बॅटरीची तार उपटायची,
गाडी धडधडत राहिली तर ऑल्टरनेटर जिवंत.
तेच त्यानं अत-बाशीच्या एका मेंढपाळाच्या
जर्मन गाडीला केलं.
आवाज नाही, धूर नाही.
नुसते काट्यांवरचे दिवे गेले, आणि परत आले नाहीत.
भरपाई सात मेंढ्या.
"त्यातली एक गाभण होती," तो म्हणाला.
तेव्हापासून कानाला खडा.

दुपारभर आम्ही तारा बदलल्या.
ऑल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंत अंगठ्याएवढी जाड,
बॅटरीजवळ तिला फ्यूज,
इंजिनपासून सांगाड्यापर्यंत नवी पट्टी,
कारण, तो म्हणाला, जायला हमरस्ता
आणि यायला पायवाट, असं विजेला चालत नाही.
खालचा गंज मी घासला. बोटं सोलली.
पट्टा एकदा जास्तच ताणला गेला,
त्यानं न बोलता सैल केला.

संध्याकाळी किल्ली फिरवली.
फ्रिज, दिवे, पंखा, सगळं लावलं.
मग बुर्मानं यंत्र सुरू केलं
आणि तपासायला कुणीच नव्हतं.

सादिरबेकनं स्वतःच स्वेटर वर केला.
जेल गार होतं, तो आईच्या नावानं ओरडला.
बुर्मा बराच वेळ गंभीरपणे पडद्याकडे बघत राहिली.
"काय दिसतंय?"
"सात," ती म्हणाली. "सगळ्या धष्टपुष्ट आहेत."

मी मीटर धरून उभा.
यंत्र लागलं तेव्हा आकडा जरासा वाकला होता,
मग चौदा पूर्णांक दोनवर येऊन
तिथेच थांबला,
एवढे लोक हसत असताना.