बारा आणे

खुर्च्या मंडपवाल्याच्या.
पाठीवर पांढऱ्या रंगात त्याचं नाव,
अर्धं मराठीत, अर्धं कन्नडात,
आणि लग्नाची तिथी दाट असली की आमचा वर्ग बंद.
वैशाखात आम्ही फार कमी श्वास घेतो.

मंगळवार, शुक्रवार. निपाणीतली एक जुनी वखार.
तंबाखू जाऊन किती वर्षं झाली,
भिंतींतून अजून खकाणा येतो.
पहिल्या दीर्घ श्वासाला सगळ्या शिंकतात.
मी तेही व्यायामात धरते.

मला शिकवलं तेव्हा कागदावर होतं:
वेदना शून्य ते दहा, आकडा विचारा.
विचारला.
पद्मव्वा म्हणाली, धा कशाचं?
मग जैबुनबीनंच ठरवलं, आण्यांत सांगू.
आता हजेरी अशी होते:
मान, आठ आणे.
कंबर, बारा.
गुडघा कालपासनं पुरा रुपया, वर व्याज.
बाळगोंडा कंडक्टर, सात बायकांत एकटा बाप्या,
सुट्टे न्हाईत म्हणतो
आणि स्वतःच्याच विनोदावर ठसका लागेपर्यंत हसतो.

मेल्लगे, म्हणते मी. हळू. ओढून ताणून काही नको.
टाचा उचला, टेकवा.
खांदे कानांपर्यंत, आता सोडा.
उसिर बिड्री. श्वास सोडा.
बिड्री म्हटलं की मालन डोळे वटारते:
परत बिडीच का वं बाई?
एवढ्यावर पाच मिनिटं जातात.
हसण्यानं बरगड्या जेवढ्या हलतात
तेवढ्या माझ्या कुठल्याच आसनानं हलत नाहीत.

अवघड असते ती मान वर करणं.
छताकडे बघा म्हटलं
तर अक्काताई विचारते, किती वेळ?
तीस वर्षं मांडीवरच्या सुपात बघितलेलं.
वर काय आहे तिला माहीत आहे: पत्रा,
एका ठिकाणी भोक, त्यातून ऊन.
ते ऊन कुणाच्या खुर्चीवर पडतं
यावरून थंडीत भांडणं होतात.

शेवटची दहा मिनिटं.
डोळे मिटा. हात मांडीवर, बोटं सैल.
एका शुक्रवारी मी माझे डोळे चोरून उघडले.

सात जणींचे चौदा हात
चालू होते.
अंगठा तर्जनीवर घासत,
नसलेल्या जर्द्याची चिमूट पसरत,
नसलेलं पान गुंडाळत,
दोऱ्याचा वेढा, नखानं तोंड मुडपणं,
आणि पुन्हा पान.
आवाज नाही. चेहरे झोपलेले.
मालनची बोटं तर दिसतही नव्हती नीट.
कारखान्यानं यांना घरी बसवून अकरा वर्षं झाली.

बोटं स्थिर ठेवा, असं म्हणायचं असतं अशा वेळी.
ओठांपर्यंत आलं.

आई शेवटच्या तापात हेच करायची,
गोधडीवर, रात्रभर.
मी तिचा हात घट्ट धरून ठेवला होता.
मला वाटलं होतं, तिला आराम मिळेल.

मी गप्प बसले.
मनात मोजत राहिले, जसं लहानपणी मोजायची,
पंचवीसचा एक कट्टा, दुसरा, तिसरा.
यातली एकही छाट म्हणून कुणी बाजूला फेकणार नव्हतं.
बाळगोंडा घोरायला लागला.
मी घंटी चार मिनिटं उशिरा वाजवली.

पद्मव्वानं हात डोळ्यांसमोर धरले,
उलटे केले, सुलटे केले.
किती, विचारलं मी.
सा आणं, म्हणाली. बरं हाय की.
बाकीच्या पदर सावरत उठल्या.

बाहेर टेम्पो उभा. संकेश्वरला हळद होती.
खुर्च्या उचलू नका, मी ओरडले, कंबर सांभाळा,
तोवर एकेकीच्या डोक्यावर दोन-दोन खुर्च्या
रांगेनं दारातून निघालेल्या,
माना सरळ, अगदी सरळ,
महिनाभर मी जशा मागत होते तशा.

जैबुनबी शेवटी निघाली.
उंबऱ्यात थांबून माझ्या उजव्या खांद्याकडे बघत म्हणाली,
बाई, तुमचं किती?
सुट्टे न्हाईत, म्हटलं.