पातळी

तीस वर्षं मी पाण्याची पातळी लिहिली.
महापालिकेच्या पूर नियंत्रण कक्षात,
काळ्या फोनशेजारी, आखलेल्या वहीत:
आजवा दोनशे अकरा. काळा घोडा सतरा.
काळा घोडा साडेसतरा.
काळा घोडा... थांबा, पुन्हा सांगा.
किती चढेल, हे मला कुणी विचारलं नाही.
विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.
आत्ता किती आहे, एवढंच माझं काम.

मांजलपूरचा प्लॉट विकला, बावीस लाख आले.
बचत खात्यात ठेवले, तात्पुरते.
तात्पुरत्याला आता सातवं वर्ष.

समोरच्या केतनभाईंचा निहार
जिन्यात भेटला की म्हणतो, मावशी, हवे तो लई लो.
मी म्हणते, जरा उतरू दे रे.
उतरतो तेव्हा म्हणते, अजून उतरेल.
चढतो तेव्हा म्हणते, आता पुलाला टेकलाय,
आता कोण पाय घालणार.

त्या मार्चमध्ये दांडिया बाजारात कुत्रंही नव्हतं
आणि टीव्हीवर लाल आकडे.
माझ्याकडे पैसे होते.
याच दिवसांसाठी थांबले होते मी.
वही काढली, जुन्या सवयीनं,
दर अर्ध्या तासाला आकडा लिहिला,
वळणदार, कुठे खाडाखोड नाही.
एवढंच केलं.
खाली. खाली. आणखी खाली.
एका सोमवारी जो लिहिला तो तळ होता.
तसं त्याच्यावर लिहिलेलं नव्हतं.
पान उलटलं तोवर पाणी चढायला लागलं होतं.

वहिनी म्हणाली, निदान बुडाले तर नाहीत.
नाही बुडाले.
पासबुकात बावीसाचे सत्तावीस झालेत.
फक्त त्या प्लॉटवर आता दातांचा दवाखाना आहे
आणि सत्ताविसात त्याचा जिनाही येणार नाही.

संध्याकाळी कमाटीबागेतून परतताना
पुलावर थांबते.
खाली विश्वामित्री, म्हटली तर नदी, म्हटली तर गाळ,
काठावर मगर, जबडा उघडा, तासन् तास.
लोक म्हणतात, काय धीर बघा!
मला बरं वाटायचं ऐकून.
वाटायचं, तीही रोकड धरून बसलीय.
पण आमच्या कक्षातला रमणभाई म्हणायचा,
ती वाटबिट नाही बघत, ताई,
उन्हानं तापली की तोंड उघडून गार होते.
भूक लागली की जाते.

आज मंगळवार.
बाजार चढला नाही, पडला नाही,
बातम्यांत त्याचं नावही नाही.
कठड्याला टेकून, चष्मा कपाळावर ढकलून
मी फोन डोळ्यांजवळ धरला.
दहा हजार, दर महिन्याच्या सात तारखेला.
निहारनं दिवाळीतच सगळं भरून दिलं होतं,
फक्त होकार दाबायचा राहिला होता.
सहा आकडे आले.
एक चुकला. पुन्हा मागवले.
लिहिले असते तर चुकले नसते.

मान वर केली तेव्हा
काठ रिकामा,
चिखलात पोट घासत गेल्याची ओली रेघ.
शेजारी शेंगा खाणारा मुलगा म्हणाला,
आत्ताच तर गेली.
तुम्ही बघत नव्हता?