आगाऊ नोंदणी

गोलाणी मार्केट, दुसरा मजला, जिन्याला लागून
माझं दुकान. रुंदी साडेसहा फूट.
अजून न आलेल्या घड्याळाची
अकरा जणांनी नोंदणी केलीय माझ्याकडे.
किंमत ठाऊक नाही, तारीख ठाऊक नाही,
कुणी म्हणतं दसऱ्याला,
कुणी म्हणतं पुढच्या उन्हाळ्याआधी विसरा.
एक धूसर फोटो फिरतोय सगळ्यांच्या फोनवर,
कुणाचं तरी केसाळ मनगट, त्यावर काळा चौकोन,
तेवढ्यावरून भंगाळे सर सांगतात,
बॅटरी पंधरा दिवस चालणार.

सर भूगोल शिकवायचे.
आता पहाटे मेहरूण तलावाला फेऱ्या घालतात
आणि डावा हात गरजेपेक्षा जास्त हलवतात.
"सुई न टोचता साखर सांगनार म्हने नवं."
"सांगीन ना," कोल्हे वकील म्हणतात, "पन खरी सांगीन का?"
मग दोघं गाडीवर पोहे घेतात, वरून तर्री,
वरून जिलेबी, कारण नवं घड्याळ
अजून आलेलं नाही.

काचेखाली आठशे नव्व्याण्णववालं आहे.
ते मी एकदा केळ्याला बांधून पाहिलं.
ठोके : चौऱ्याहत्तर.
केळ्याची तब्येत उत्तम होती.
तरी आठवड्याला सहा खपतात,
लग्नात आहेर म्हणून.

पतपेढीतल्या अत्तरदेबाईंना विमा कंपनीनं सांगितलंय,
रोज दहा हजार पावलं, तर हप्त्यात सूट.
त्यांनी घड्याळ बांधलंय बंगईच्या कडीला,
दुपारी जेवून पडतात, पायानं एक ठेका देतात,
आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत
कडी चालत राहते.
मार्चमध्ये त्या जिल्ह्यात तिसऱ्या आल्या.

मे महिन्यात पारा शेहेचाळीसवर,
रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही,
तेव्हा एका गिऱ्हाइकाचं महागातलं घड्याळ
पडद्यावर लिहून मोकळं झालं :
फार तापलोय, थोडं थंड होऊ द्या.
आम्ही त्याला माठाला टेकवून ठेवलं.
गिऱ्हाईक तसंच उभं होतं, घामेजलेलं.

बाबा याच गाळ्यात बसायचे.
घड्याळ कानाला लावताना
तोंडातली सुपारीसुद्धा थांबवायचे.
मी कान नाही लावत कशाला.
मी अपडेट मारतो.

सिकंदर तडवी सावद्याहून आला.
केळीच्या गाड्या भरतो तो, रात्री दोनपासून.
भाच्यानं कुठूनसं आणून दिलेला पट्टा,
काच तडकलेली, आतला आकडा शाबूत :
एकतीस हजार चारशे सहा.
खाली हिरव्या अक्षरात शाबासकी,
त्याखाली सल्ला :
आज तुमची झोप कमी झाली.
त्यानं मला वाचायला लावलं. मी वाचलं.
तो हसला, मग मीही.

काच बदलायला तीनशे सांगितले.
"राहू दे," म्हणाला.
मग सगळ्या नव्या घड्याळांवरून नजर फिरवून,
"एक सांग. पावलं त मोजते हे.
खांद्यावरचं वझं मोजीन का ते नवं?"

मला कंपनीची सगळी बातमी असते.
झोप, श्वास, रक्तातला प्राणवायू,
बाईची पाळी, म्हाताऱ्याचं पडणं,
पाण्याखाली पन्नास मीटर.
म्हटलं, तसं काही ऐकण्यात नाही बुवा.
"कोनी इचारलंच नसीन," तो म्हणाला
आणि पिशवीतून एक फणी काढून काउंटरवर ठेवली,
हिरवी, देठाला चीक ओला.

वहीत अकरा नावं होती,
प्रत्येकापुढे पाचशे रुपये.
बाराव्या ओळीवर मी लिहिलं :
सिकंदर तडवी, सावदा. वजन मोजणारं.
आगाऊ रक्कम : केळी, एक फणी.

परवापासून पिकायला लागलीत.
भंगाळे सरांनी येता येता दोन खाल्ली,
आणि मनगटाकडे बघून म्हणाले,
अजून काही कळलं का रे, कधी येतंय?