दोन रंगांचा भोंगा

संग्रहालयानं पाठवलेल्या चौकटीत
मला दीडशे शब्द बसवायचे होते :
संपाचं पोस्टर, सोलापूर, शिळाछाप, दोन रंग.
मी लिहिलं, कर्णरेषेचा ताण.
लिहिलं, रिकाम्या अवकाशाचं धाडस.
लिहिलं, चिमणीचा काळा वर जाताना विरत जातो
जणू धूरच आकार सोडून देतो आहे.
मग कळलं, करणारा अजून आहे.
साखर पेठेत.

खाली सुनेचे दोन माग टॉवेल विणत खडखडत होते,
त्यामुळे आम्ही कलेबद्दल ओरडून बोललो.

बालय्या येमूल म्हणाले,
कर्ण कसला बे, दगडाचा कोपरा फुटका होता.
सरळ काढलं असतं तर भोंग्याचं तोंड
फुटीत गेलं असतं. म्हणून तिरकं.
काळी शाई शेवटच्या शंभर प्रतींना पुरेना,
रॉकेल घातलं.
तो तुमचा धूर.
आणि दोनच रंग, कारण युनियनकडे
दोनच डब्यांचे पैसे. तिसरा कागदाचा,
तो फुकटात येतो.

मी वही मिटायला लागलो.
मिटू नको, म्हणाले.

रिकामी जागा मात्र माझी.
पुढारी म्हणत होते तिथं घोषणा घाल,
मागण्या घाल, सात आहेत, नंबर टाकून घाल.
मी म्हटलं, पहिल्या पाळीचा माणूस
सायकलवर असतो. डबा हँडलला, डोळ्यात झोप.
भिंत त्याला तीन पायडल दिसते.
तीन पायडलांत सात मागण्या
कोण वाचलालाय?

म्हणून एवढंच :
काळा भोंगा, कागदाच्या टोकापासून टोकापर्यंत,
त्याच्या तोंडावर लाल पंजा.
खाली तारीख.
बाकी पांढरं.

पहिली प्रत ओलीच घेऊन गेलो घरी.
अम्मा विड्या वळत बसलेली, सूप मांडीवर.
तिला अक्षर येत नव्हतं, मराठी तर नाहीच.
रस्त्यापलीकडे भिंतीला धरून उभा राहिलो, म्हटलं, बघ.
तिनं हातातली विडी अर्धी सोडली,
मान जराशी वळवली
जशी कान देताना वळते,
आणि म्हणाली, आगिंदी.
थांबला.

सगळं गाव ज्याच्यावर उठायचं,
चूल पेटवायचं, पोरांना न्हाऊ घालायचं,
तो आवाज तिला कागदावर
न ऐकू आल्याचं ऐकू आलं.
मग मी आठशे काढल्या.

मी बॅगेतून कॅटलॉगचं पान काढलं.
गुळगुळीत कागद, नवी छपाई,
त्यांच्या पोस्टरला मिळालेलं अख्खं पान.
त्यांनी चष्मा कपाळावर सारला,
पान नाकाला लावलं, मग लांब धरलं,
मग पुन्हा जवळ.

फट कुठाय?

कसली फट?

पंजा आणि तोंड यांच्यामध्ये, डाव्या अंगाला.
लाल माझा सूतभर सरकला होता,
कागद दमट, दुसऱ्या फेरीला ताणला गेला.
पांढरी चीर राहिली होती, नखाएवढी.
मी शिव्या घातल्या होत्या प्रेसला.
पण भिंतीवर चढल्यावर दिसलं,
त्या चिरेतून वाफ येते.
आतून रेटतंय काहीतरी
आणि हात दाबून धरतोय.

संगणकावर कुणीतरी, नीटसपणाच्या ओढीनं,
लाल उचलून काळ्यावर
काटेकोर बसवला होता.

खालचा एक माग थांबला. धागा तुटला असेल.
त्या अर्ध्या शांततेत ते ओरडायचे थांबले नाहीत,
सवय.

हा भोंगा मेलेला आहे, म्हणाले,
मेलेल्या भोंग्यावर कोण हात ठेवलालाय?

घरी येऊन मी दीडशे शब्द खोडले.
मापाच्या रकान्यात उंची लिहिली, रुंदी लिहिली,
आणि खाली, जिथं दोष नोंदवायचे असतात,
तिथं लिहिलं :
डाव्या बाजूस चीर, सूतभर.
कृपया भरू नये.