कुणग्यातली हवा

आचऱ्याच्या खाडीपासून तीन बांध आत
कुबलांच्या कुणग्यात मी पेटी उपडी घालून बसलोय.
दर वीस मिनिटांनी सुईने आतली हवा ओढायची,
इवल्या बाटलीत भरायची, वर वेळ लिहायची.
अकरा दहा. अकरा तीस.
बांधावरून वासंती कुबल विचारतात,
"वारो मोजूक सरकार पगार देता तुका?"
देतं. वेळेवर नाही, पण देतं.

त्यांचा प्रश्न माझ्या प्रश्नाहून जुना आहे.
गोणभर युरिया टाकला, भात पंधरा दिवस हिरवंगार,
मग पुन्हा पिवळं.
"मेलो जाता खंय?"

मी एक चूड उपटतो.
चिखल मूळ सोडतो, आणि नासक्या अंड्याचा वास.
व्हाळात धुतल्यावर मुळं दिसतात
जांभ्याच्या रंगाची, गंजल्या तारांसारखी.
तो गंज म्हणजे श्वासाची खूण, मी सांगतो.
पान वरची हवा पोकळ देठातून खाली धाडतं
बुडालेल्या मुळाला,
आणि मूळ ती सगळी पीत नाही, थोडी सांडतं.
त्याच्या अंगाभोवती केसभर जाडीची जागा
श्वास घेते;
तिच्या पलीकडे लगेच गुदमरलेली माती.

त्या केसभर जागेत खत रूप बदलतं.
मुळाने गाठलं तर दाणा.
नाही गाठलं तर ते हद्द ओलांडतं,
आणि पलीकडचे बिनहवेचे जीव
त्याच्यातलाच प्राणवायू ओरबाडून घेतात,
उरला नत्र बुडबुड्यातून सोडून देतात
वर, जिथून कारखान्याने तो धरून आणला होता.

म्हणजे जेवणारं मूळच दार उघडं टाकतं.

वासंतीबाई गुडघ्यावरचा चिखल खरवडतात.
"आमच्या थोरल्यासारख्या ता.
मिळवता तोच, सांडता तोच."

वर भरडावर गोष्ट निराळी.
तिथला कातळ चाळणीसारखा,
नाचणीची मुळं वीतभर, पाऊस हातभर,
नत्र विरघळून रात्रीत खालच्या विहिरीला लागतो.
इथे तो उडतो. दुपारी शेवाळ उन्हाला आलं
की पाण्यावरूनही, डोळ्यांना झोंबत.

यंदा एका कोपऱ्यात त्यांनी
युरियाच्या गोळ्या पुरल्यात,
चार चुडांच्या मधोमध एक, चार बोटं खोल.
कंबर धरली, असं दोनदा सांगून झालंय.
तिथलं भात अजून हिरवं आहे.
तिथल्या बाटल्या मी अजून तपासलेल्या नाहीत,
म्हणून गप्प आहे.

बारा दहा. शेवटची बाटली, बुचाला मेण.
वासंतीबाई ती उन्हासमोर धरतात.
काहीच दिसत नाही.
"ह्या माझा खत?"
असेल. थोडं.
"मगे नाव घाल माझा."
मी चिठ्ठीवर लिहितो:
कुणगा चार, वासंती दाजी कुबल.

उपटलेली चूड त्या परत रोवतात,
अंगठ्याने दाबून, जराशी वाकडी,
आणि मला म्हणतात, तुझी पेटी उचल आता,
खालचा भात उकडता.