परतीची पेटी

जानेवारीत विनिपेगला
परतीच्या पेटीतून निघालेली पुस्तकं
लगेच उघडायची नसतात.
रात्रभर उणे तीसमध्ये पडून असतात ती,
आत आणली की घाम फुटतो त्यांना.
टेबलावर सुटी सुटी मांडायची,
तासभर वाट बघायची,
मगच हात लावायचा.

हे मला वर्ना हूलनं शिकवलं.
हे मला खरंच ठाऊक नव्हतं.
बाकीचं, म्हणजे आकडे कसे लावायचे, शिक्का कुठे मारायचा,
मी शिकल्यासारखं केलं.
इलोइलोला अकरा वर्षं ग्रंथपाल होते मी.
इथल्या अर्जात त्याला जागा नव्हती
आणि गाडा ढकलायला
ते सांगावं लागत नाही.

वर्ना एकोणीस वर्षं काउंटरवर.
तीनदा मुलाखतीला गेली.
तिन्ही वेळा एकच प्रश्न:
पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता?
तिसऱ्यांदा म्हणाली,
"इथेच, हाच प्रश्न ऐकताना."
कोणी हसलं नाही. एकानं काहीतरी लिहून घेतलं.
त्या वर्षी टोरांटोहून एक मुलगा आला.
चांगला होता बिचारा,
कुठे काय आहे ते रोज तिलाच विचारायचा.

'ग्रंथालय सर्वांचं' या भित्तीपत्रकावर मात्र
तिचा फोटो पहिल्यापासून होता,
कानात मण्यांचे डूल, हसरी.
जिन्यात लावलेला. उन्हानं निळा पडलेला.
दारावर नाव लागलं ते या ऑक्टोबरात.

किल्ली हातात आली त्या दिवशी
ती खोलीत गेलीच नाही.
माझा गाडा घेतला
आणि नऊशे सत्तरपाशी येऊन उभी राहिली.
"हे बघ, तेरेसिता.
किल्ले, तह, लढाया,
आणि त्यांना लागून आम्ही.
माझी भाची सेलकर्कला दातांची डॉक्टर आहे.
तिलाही इथेच शोधायचं का?"

कविता कवितांत गेल्या.
रानतांदळाच्या पाककृती स्वयंपाकात,
कायदा कायद्यात.
मासे धुरावणाऱ्या आजीचं चित्रपुस्तक
खाली, मुलांच्या गुडघ्यांच्या उंचीवर.
इतिहास होता तो राहिला इतिहासात,
तोही काही थोडा नव्हता.

तालिकेतला गॉर्डन म्हणाला,
प्रणाली हे घेणार नाही.
"प्रणालीला कोण विचारतंय? मी तुला विचारते आहे."
तो गेला.
जेवणानंतर लेबलांचं यंत्र घेऊन आला,
आणि पाच वाजेपर्यंत एक शब्द न बोलता
चिकटवत बसला.

चौदा दिवस लागले.
एका म्हाताऱ्या वाचकानं तक्रार केली:
माझी पुस्तकं सापडत नाहीत.
वर्ना त्याच्याबरोबर फिरली, रांग न् रांग.
परत आला तेव्हा तिच्या हातात चार होती,
त्यातली दोन त्यानं मागितलेली नव्हती.

मग एकदा माझ्या मागे उभी राहून म्हणाली,
"तू अंगठ्यानं रांग वाचतेस.
चुकलेलं पुस्तक न बघता ओढतेस.
खरं सांग, कुठे होतीस?"

सांगितलं.
वादळात बुडालेली तळमजल्याची खोली,
दोरीवर वाळत घातलेली नोंदवही, पान न् पान.
इतकं सगळं कधीच कुणाला
सांगितलं नव्हतं मी या देशात.

तिनं अर्ज आणून ठेवला.
शेवटच्या पानावर: तुमचं काम जाणणाऱ्या व्यक्तीचं नाव.
माझ्या मुख्य ग्रंथपाल गेल्या, म्हटलं.
आता तिथे कोणी नाही.
"माझं घाल."
तुम्ही तेव्हा मला ओळखत नव्हतात.
"तेव्हा मला तरी कोण ओळखत होतं,"
असं म्हणून ती
वाजणारा फोन घ्यायला गेली.

अर्ज टेबलावर,
घामेजलेल्या पुस्तकांच्या शेजारी.
एक कोपरा ओला झाला.

मी लगेच हात लावला नाही.