उडीचा तक्ता

अल ऐनच्या बाहेर, जिथून हफीतचा डोंगर
दुपारी धुरकट दिसतो,
नव्या प्राणिबागेची कुंपणं जोडायला आम्ही चौदाजण.
रुला इंजिनिअरनं पहिल्याच दिवशी तक्ता दिला:
कोण किती उंच उडी घेतं,
त्यापुढे भिंतीची उंची.

कराकल, कानांवर काळे गोंडे असलेलं ते मांजर:
तीन मीटर. वर छतही हवं.
डोंगरातला ताहर: जाळी आत वाकवा,
भिंतीजवळ एकही दगड नको.
हरिण: अडीच.
समोर पेन्सिलीनं, 'घाबरलं तर सांगता येत नाही.'
पाणघोडा: कमरेएवढी पुरे.
हत्ती: भिंत नाही. खंदक, दोन मीटर.

मला वाटलं छपाईची चूक.
एवढं थोर जनावर आणि एवढीशी चर?
ती म्हणाली, तो उडी मारतच नाही.
धावतानासुद्धा एखादा पाय जमिनीला धरून असतो.
चारही एकदम उचलणं
त्याच्या हाडांच्या हिशेबात नाही.

फोरमन कुरियन सावलीतून ओरडला, हात चालवा.
उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतो आपण,
इथं उंटही खरे आहेत.

रात्री कॅम्पवर डाळ शिजेपर्यंत हीच चर्चा.
दिलबहादुर म्हणाला, वजन. जड त्याला उडी नाही.
खमीस, पाण्याच्या टँकरचा ड्रायव्हर, मसीरा बेटावरचा,
हसला. म्हणाला, बापाच्या होडीतून
मी देवमासा पाहिलाय,
आपल्या दोन टँकरएवढा,
आख्खा बाहेर.
त्याच्या पोटाखालून पलीकडचा किनारा दिसला.
वजनाचं काही नसतं रे.
खाली काय आहे, त्याचं असतं.

यावर कुणी बोललं नाही. डाळ लागली होती.

मी लघवीला बाहेर गेलो तर
दिव्याच्या कडेला एक यरबू.
मुठीत मावेल एवढा, मागचे पाय मात्र उधार आणल्यासारखे लांब.
माझी चाहूल लागली
आणि तो जिथं होता तिथं नव्हता.
वाळूवर दोन टिंबं,
मग पुष्कळ कोरी वाळू,
मग दोन टिंबं.

मापाची पट्टी खिशातच होती.
आधी ती कोरी वाळू मोजली: सात फूट.
मग, का कोण जाणे, कॅम्पची भिंत.
माझ्या मांडीपर्यंत येते.
अकरा वर्षं झाली.
तक्त्यात आमची ओळ नव्हती.

मार्चमध्ये हत्तीण आली.
खंदकाच्या काठाशी येऊन थांबली,
पुढचा पाय किंचित पुढे, मग मागे,
जसं आपण विहिरीत वाकून बघतो.
पलीकडे मी शेवटचा कठडा वेल्ड करत होतो.
तिनं उडी मारली नाही.
सोंड लांब केली,
आणखी केली,
आणि माझ्या हातमोज्याचा वास घेतला,
जळका, गावच्या लोहाराच्या भात्यासारखा.
ओलसर फुंकर मनगटाला लागली.

संध्याकाळी तक्त्यावर मी पेन्सिलीनं लिहिलं:
दोन मीटर कमी पडतात.
सोंड धरून मोजा.